लाईन क्लिअर

मागच्या महिन्यात एका दुपारी आमच्या सोसायटीच्या गेटवर, तळहातावर मावेल अशा एका खोक्याभोवती आम्ही तिघं उभे होतो. मी, कुरिअरचा मुलगा आणि वॉचमन काका. तिघांच्याही हातात मोबाईल, तिघांच्याही माना खाली. खोक्यावर माझं नाव होतं, पत्ता होता, फोन नंबर होता. मुलगा नेहमीचाच, मला चेहऱ्यानं ओळखणारा. पैसे आधीच भरलेले. तरी खोकं माझ्या हातात येईना, कारण ओटीपी येत नव्हता. त्यानं तो पुन्हा पुन्हा पाठवून पाहिला. मी फोन बंद करून चालू केला, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो, हात उंच करून पाहिला. तेवढ्यात फोन थरथरला. आला एकदाचा, म्हणून बघतो तर सोसायटीच्या ॲपची सूचना : ‘गेटवर आपल्याकडे कुणी आलं आहे. आत सोडायचं का?’ जो आला होता तो माझ्या समोर होता. ज्यांनी विचारलं ते वॉचमन काका माझ्या डाव्या हाताला उभे होते आणि माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी ‘हो’ दाबलं. काकांनी मान डोलावली. ओटीपी आलाच नाही. मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत अजून बरीच खोकी होती, त्याला उशीर होत होता. “सर, मी दिलं असतं, पण नंबर टाकल्याशिवाय पुढं जातच नाही,” असं म्हणून त्यानं स्कूटर वळवली. तो कोपऱ्यापर्यंत पोचला असेल-नसेल, मला मेसेज आला : ‘आम्ही आपल्या पत्त्यावर आलो होतो, परंतु आपण उपलब्ध नव्हता.’

हा मेसेज मात्र वेळेवर आला.

पार्सल उशिरा मिळण्याचं मला फारसं वाटत नाही. ज्या पिढीनं मनीऑर्डरची वाट पाहिली, गॅसच्या नंबराची वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिला उशीर काय नवा? डोक्यात राहून गेलं ते त्या मेसेजमधलं वाक्य. मी तिथं होतो. माझ्या तिथं असण्याला दोन साक्षीदार होते. तरी कुठल्यातरी यंत्रात माझ्या नावापुढं ‘उपलब्ध नव्हता’ अशी नोंद पडली, आणि ती कुणी केली म्हणावं तर कुणीच केलेली नाही. मुलानं तसं लिहिलं नव्हतं, त्याच्यापुढं बहुधा निवडायला दोन-तीनच कारणं असतील. त्यांत ‘माणूस समोर उभा आहे, पण नंबर येत नाही’ असं कारण कशाला असेल? रात्री जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “एवढं काय होतं त्या खोक्यात?” या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं असतं, पण दिलं असतं तर सहानुभूती कमी झाली असती.

खोक्यात सांध्याच्या दोन मोटरी होत्या. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा म्हणजे सांधा, आणि तो इकडून तिकडे सरकवणारी आगपेटीएवढी मोटर. आमच्या मागच्या खोलीत, जिथं एके काळी इस्त्रीचे कपडे आणि पाहुण्यांच्या गाद्या असत, तिथं आता आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद प्लायवूडवर एक स्टेशन उभं राहतंय. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, “नातवासाठी का?” मला नातू नाही. नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो त्याची मला आता सवय झाली आहे. बागकामाला, तबल्याला, अगदी सुडोकूलाही समाजात मान आहे; पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं आगगाडी खेळायला मात्र एखादं मूल हाताशी असावं लागतं. 

आता थोडं गणित. माझ्या टेबलावरचं जग १:८७ या प्रमाणातलं आहे, त्याला एचओ म्हणतात. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, आणि ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गाला बरोबर लागू पडतं. आपला ब्रॉडगेज १६७६चा. त्याला ८७नं भागलं की १९.२६ येतात. म्हणजे बाजारात सहज मिळणाऱ्या रुळांवर भारतीय इंजिन ठेवलं की ते अंगानं धिप्पाड आणि पाय मात्र जवळ घेऊन उभं राहिलेलं दिसतं. ज्यांना हे सहन होत नाही ते स्वतः रूळ ठोकतात, रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, कापतात, एकेक खिळा बसवतात. मी सहन करतो. लांबीचं दुखणं त्याहून मोठं. एक किलोमीटर म्हणजे इथं साडेअकरा मीटर. चोवीस डब्यांची एलएचबी (हल्लीच्या लांब डब्यांची) गाडी इंजिनासकट या प्रमाणात जवळजवळ सात मीटर होते. ती माझ्या स्टेशनात आली तर तिचा गार्ड स्वयंपाकघरात उभा राहील. ताशी १०० किलोमीटरचा वेग इथं सेकंदाला ३२ सेंटिमीटर होतो, म्हणजे आठ सेकंदांच्या आत गाडी माझ्या टेबलावरून पडणार. आणि दोन स्टेशनांमधलं आठ किलोमीटरचं अंतर धरलं तर माझं पुढचं स्टेशन ९२ मीटरवर, समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुठंतरी येतं. म्हणून मी एक्स्प्रेसच्या नादाला लागलो नाही. चार डब्यांची पॅसेंजर, सात-आठ वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, मालगाडी आणि जिथं गाड्या थांबतात असं एक आडबाजूचं स्टेशन. पळायला जागा लागते, थांबायला कमी लागते. वेळेला मात्र ८७नं भागता येत नाही. काही लोक त्यावर उपाय म्हणून पळतं घड्याळ लावतात, खऱ्या दहा मिनिटांत त्यांचा तास होतो. मी तेही केलेलं नाही. आधीच वेळ पळतोय अशी तक्रार असलेल्या माणसानं भिंतीवर मुद्दाम तसलं घड्याळ कशाला लावावं?

या कामाला लागणारं सामान पुण्यात कुठं कुठं सापडतं याची एक वेगळीच यादी माझ्याकडं तयार झाली आहे. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून एलईडी, रोधक (रेझिस्टर), वायरची रिळं. बोहरी आळीतून पितळी पट्ट्या, बारीक स्क्रू, स्प्रिंगा. रुळांखालच्या खडीसाठी बांधकामावरची कच आणून ती चहाच्या गाळण्यानं चाळायची, ब्रशनं पसरायची, आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरनं सोडायची. साबण नसेल तर फेव्हिकॉल वर गोळे होऊन बसतो, आत उतरत नाही. काळी माती नगर जिल्ह्यातली, मुद्दाम आणलेली, तव्यावर भाजून घेतलेली. (तवा नंतर माझ्याच नावावर झाला.) बाभळी सुकलेल्या काटक्यांच्या. कुंपण, विहीर, बैलगाडी तुळशीबागेत मिळतात, गौरी-गणपतीच्या दिवसांत तर भरपूर. फक्त त्यांचं माप कशालाच लागू नसतं. बैल इंजिनाएवढा, आणि बाईच्या डोक्यावरची कळशी पाण्याच्या टाकीएवढी. दुकानदाराला मी सोळा मिलिमीटर उंचीचा बैल मागितला तेव्हा तो म्हणाला, “काका, त्याचं डोकं कुणाला दिसणार?”

तसं पाहिलं तर आपल्याकडच्या पोरांना मॉडेल करायचं वेगळं शिकवावं लागत नाही. दिवाळीचा किल्ला आम्ही वाड्याच्या अंगणात करायचो. विटांवर गोणपाट, त्यावर चिखल, त्यावर अळीव पेरायचं आणि रोज शाळेतून आल्यावर दप्तर न टाकता आधी ते उगवलं का बघायचं. महाराज बुरुजापेक्षा उंच, मावळ्याचा भाला तटाच्या बाहेर, पायथ्याच्या तळ्यात प्लॅस्टिकचं बदक, आणि या सगळ्याला कुणाचीही हरकत नसे. मी एका वर्षी किल्ल्याच्या पोटातून बोगदा काढला आणि त्यातून चावीची आगगाडी सोडली. थोरल्या भावानं ‘शिवकाळात रेल्वे नव्हती’ हा मुद्दा काढला. तो पुढं वकील झाला. मला त्या बोगद्यातून बाहेर येणाऱ्या इंजिनापेक्षा ते आत गेल्यावरचा क्षण जास्त आवडायचा. आता ते दिसत नाही, पण आहे, आणि पलीकडून येणार आहे. नंतर कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं, तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा अख्खं शहरच होतं. उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, डोंगरावर चढणारी गाडी. दिवे मंद केले की खिडक्या उजळतात. माझ्या शेजारी बसलेली मुलं सर्कशीकडं बघत होती. मी सिग्नल बघत होतो. कुठल्या गाडीसाठी कुठला सिग्नल पडतो, सांधा आधी लागतो की नंतर. मूळ रोग तो होता, आणि तो मला मामांकडून लागला.

मामा दौंड-मनमाड मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनात असिस्टंट स्टेशन मास्तर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिकडं. एकेरी मार्ग, दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मध्ये काळं रान, आणि फलाटावर कडुनिंबाची तीन-चार झाडं एवढीच सावली. मास्तरांच्या खोलीत रॉकेलचा, शाईचा आणि जुन्या कागदांचा वास कोंडलेला असे. भिंतीला लागून लाल रंगाची दोन लोखंडी यंत्रं, एक वरच्या स्टेशनासाठी, एक खालच्या. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत याची सगळी जबाबदारी त्या यंत्रांवर. गाडी पुढं पाठवायची तर मामा आधी पुढच्या मास्तरला बेल देत. ठरलेले टोले. तिकडून टोले परत येत. दोघांनी आपापल्या यंत्राचा दांडा ठरलेल्या जागी फिरवला की मामांच्या यंत्रातून एक लोखंडी गोळा घरंगळत बाहेर येई. तो गोळा म्हणजेच पुढं जायचा परवाना. तो कातडी पाकिटात, पाकीट वेताच्या मोठ्या कडीला, आणि ती कडी घेऊन पोर्टर फलाटाच्या टोकाला उभा. थांबा नसलेली गाडी धडधडत यायची, इंजिनातला माणूस बाहेर झुकून हात कडीत घालायचा, आणि आधीच्या टप्प्याचा गोळा दुसऱ्या बाजूला फेकायचा. रात्री पोर्टर मशाल पेटवून उभा राही. एकदा गोळा बाहेर पडला की तो पुढच्या स्टेशनाच्या यंत्रात जाईपर्यंत, नाहीतर परत याच यंत्रात येईपर्यंत, दोन्हीकडची यंत्रं बंद. दुसरा गोळा कुणी कितीही मोठा साहेब आला तरी निघणार नाही. आणि शेजारच्या टप्प्याचा गोळा या यंत्रात बसणारही नाही, त्याच्या खाचा वेगळ्या.

मला त्याहून नवल वाटायचं ते सिग्नलच्या केबिनचं. ओळीनं तरफा, उंच, हाताची पकड घासून चकचकीत झालेली. कुठली सांध्याची, कुठली सिग्नलची ते रंगावरून कळायचं. सांधेवाला हाताला फडकं गुंडाळून, पाय फळीला टेकवून, अंगाचा भार मागं टाकत ती ओढायचा आणि कितीतरी लांब, उसापलीकडं, सिग्नलचा एक हात खाली पडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी. मी हट्ट धरला म्हणून एकदा मामांनी मला सिग्नलची तरफ ओढू दिली. हलेना. मी लोंबकळलो. सांधेवाला हसायला लागला. मामा म्हणाले, “शक्ती लावून काही होणार नाही. सांधा लागलाय का ते बघ आधी.” फळीखाली पोलादी पट्ट्या आडव्या-उभ्या एकमेकींच्या खाचांत अडकलेल्या असतात. सांधा बरोबर लागून कुलूपबंद झाल्याशिवाय त्या पट्ट्या सिग्नलच्या तरफेला सोडत नाहीत. जॉन सॅक्सबी नावाच्या इंग्रज माणसानं १८५६ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि तिथून जगभरच्या केबिनी अशा झाल्या. हे मी फार पुढं वाचलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की हे लोखंड मला नाही म्हणतंय आणि कशामुळं नाही म्हणतंय ते शोधलं तर सापडतं. सांधेवाल्यानं पलीकडची तरफ ओढली, खळ्ळकन आवाज आला, आणि मग तीच सिग्नलची तरफ माझ्या नि त्याच्या हातांनी मिळून आली. तळहाताला लोखंडाचा वास दिवसभर होता.

आणि ओटीपी म्हणाल, तर तोही त्या खोलीत होता. मामांच्या टेबलाच्या खणात आकड्यांचा एक छापील कागद असे, दोन-दोन अंकी आकडे, कसलाही क्रम नसलेले. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणत. पुढच्या फाटकावर फोन करायचा, गाडी येतेय, फाटक बंद कर. फाटकवाला फाटक लावून, कुलूप घालून परत फोनवर यायचा आणि त्याच्या कागदावरचा पुढचा आकडा सांगायचा. मामा तो वहीत लिहून घ्यायचे, वेळेसकट. फाटकवाला तो आकडा आपल्या कागदावर खोडायचा. तो पुन्हा वापरायचा नाही. ‘हो हो, लावलं फाटक’ असं कुणीही झोपेत म्हणू शकतो. पण आकडा द्यायचा तर उठून कागद बघावा लागतो, पेन्सिल हातात घ्यावी लागते, आणि त्या आकड्यानिशी आपण बांधले गेलो हे माहीत असतं. एकदाच वापरायचा, दुसऱ्याला न सांगायचा, हातोहात खोडून टाकायचा आकडा. फरक एवढाच की मामांना फाटकवाल्याचा आवाज ओळखीचा होता. आकडा घेतल्यावर ते विचारायचे, “पोरीचा ताप उतरला का?”

हे सगळं मी रंगवून सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे जरा ओले व्हायला लागतात, आणि तिथंच मला माझा संशय येतो. कारण मामांचे डोळे कधीच ओले होत नाहीत. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, मुलाकडं वारज्याला राहतात, आणि मोबाईलवर त्यांचं बोट माझ्यापेक्षा वेगानं चालतं. भाजीवाल्याला पैसे क्यूआर कोडनं देतात. तिकीट घरबसल्या काढतात आणि गाडी कुठं पोचली ते दर पाच मिनिटांनी बघून सगळ्यांना सांगतात. मी गोळ्याच्या यंत्राबद्दल बोलायला लागलो की म्हणतात, “अरे, पावसात रात्री अडीचला पोर्टर आला नाही म्हणून तीच कडी घेऊन मी स्वतः उभा राहिलोय. इंजिनाची धग, डोळ्यांत राख, आणि हात पुढं केला तर खांदा जागेवर राहील याची खात्री नाही. तुला सुट्टीत बरं वाटायचं.” बारा-बारा तासांच्या पाळ्या त्यांनी केल्या. मामी म्हणायची की घरात भांडं पडलं तरी हे झोपेतून उठून ‘आलो’ म्हणतात. आता तिकडं गाडीची चाकं मोजणारी यंत्रं आहेत. एका टोकाला जितके अॅक्सल आत गेले तितके दुसऱ्या टोकाला बाहेर पडले की मार्ग मोकळा. कुणाला कडी घेऊन उभं राहायला नको. मामा म्हणतात, चांगलं झालं. आणि जुन्या दिवसांतली आरक्षणाची रांग? पहाटे जाऊन उभं राहायचं, आपला नंबर आला की खिडकीवर फळी पडायची, आणि फळीमागून कुणी कारण सांगत नसे. ‘कारण सांगणारं लोखंड’ केबिनमध्ये होतं. खिडकीमागं तेव्हाही तसलं काही नव्हतं.

तरी एक गोष्ट मला सोडवत नाही. आमच्या जुन्या लिफ्टचा दरवाजा उघडा राहिला की ती बाई बोलायला लागते, ‘कृपया दरवाजा बंद करा.’ तिन्ही भाषांत, अखंड, मेंदूला भोकं पडेपर्यंत. सोसायटीच्या सभेत तिच्याविरुद्ध ठराव आला तेव्हा मी एकट्यानं तिची बाजू घेतली. ती त्रास देते, पण का अडली आहे ते सांगते. बाकी सगळीकडं काय आहे? एक गोल फिरत राहतो. ‘काहीतरी चुकलं आहे. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं? कुणाचं? थोड्या म्हणजे किती? बँकेच्या ॲपनं एकदा मला बाहेर काढलं आणि मी तरफेला लोंबकळावं तसा पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहिलो. फरक असा की पलीकडची तरफ ओढणारा सांधेवाला तिथं कुठंच दिसत नव्हता.

गंमत म्हणजे, या सगळ्या ॲपवाल्यांच्या घराण्याचा एक धागा आमच्याच टेबलाखालून जातो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६पासून विद्यार्थ्यांचा एक मॉडेल रेल्वे क्लब आहे. त्यात दोन तट होते. एक डोंगर, घरं, डबे रंगवणारा. दुसरा टेबलाखाली पाठीवर पडून टेलिफोनच्या जुन्या रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) सिग्नल आणि वीजपुरवठ्याची भलीमोठी जाळी विणणारा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस या दुसऱ्या तटाच्या पोरांना विद्यापीठातला संगणक रात्री वापरायला मिळाला आणि त्यांनी तेच वेड तिकडं नेलं. संगणकाच्या जगातला ‘हॅक’ हा शब्द त्यांच्या क्लबातल्या बोलण्यातून पसरला. म्हणजे माझ्या फोनवर फिरणाऱ्या त्या गोलाचे पूर्वज एके काळी रुळांच्या सांध्यांसाठी वायरी जोडत होते. ज्यांना टेबलावरचं गाव नको होतं, टेबलाखालचं कारण हवं होतं, अशी माणसं. त्यांच्या वारसांनी टेबलावर सुंदर गाव केलं आणि खालचा भाग फळी ठोकून बंद केला, असं मी म्हटलं तर माझा पुतण्या चिडतो. तो बंगळुरात हेच काम करतो. त्याचं म्हणणं, “काका, आतलं सगळं दाखवलं तर तुम्हीच म्हणाल कशाला हे आम्हाला.” खरंही असेल.

पार्सलचं सांगायचं राहिलं. हेल्पलाईनवर मी आधी यंत्राशी बोललो, मग वाजणाऱ्या संतूरशी, मग एका मुलीशी. ती फार गोड होती. माझी तक्रार तिनं पूर्ण ऐकली आणि म्हणाली, “सर, इथं दिसतंय की आपण उपलब्ध नव्हता.” मी म्हटलं, “तुमच्याशी बोलतोय तो मीच. मी आहे.” ती हसली, खरंखुरं, आणि एक क्षण वाटलं की पलीकडं फाटकवाला सापडला. पण तिच्यापुढंही दोन-तीनच बटणं असणार. तक्रार क्रमांक मिळाला. त्याच संध्याकाळी तक्रारीचं समाधान झाल्याचा मेसेज आला. आणि मग एक दिवस खोकं वॉचमन काकांच्या टेबलावर होतं. ओटीपीशिवाय, सहीशिवाय, कुणी दुसराच मुलगा ठेवून गेला म्हणे. काकांनी मात्र त्यांच्या लांबट वहीत वेळ लिहून माझी सही घेतली. मी ती नीट, पूर्ण नावानं केली.

मोटरी मी बसवल्या नाहीत. दरम्यानच्या काळात मी सायकलच्या स्पोकचे तुकडे, पितळी पट्ट्या आणि कानशी घेऊन हातानं ओढायच्या तरफा करायला बसलो होतो. पाचच तरफा, दोन सांधे आणि तीन सिग्नल; पण खाली पट्ट्या, पट्ट्यांना खाचा. सांधा लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही. खाचा कानशीनं घासताना आधी एक खाच मोठी व्हायची, मग दुसरी. पुष्कळ पितळ वाया गेलं. ज्या रात्री पहिल्यांदा तरफ अडली त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून ती अडलेली दाखवली. तिनं बघितली. “हलत नाही,” ती म्हणाली. मी म्हटलं, तेच तर!

मामांना गाडी पाठवून बोलावलं. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा कपाळावर चढवला, आणि पहिलं काय केलं असेल तर लबाडी करून पाहिली. दोन तरफा एकदम ओढल्या. अर्धा सांधा लावून सिग्नल पाडायचा प्रयत्न केला. नखानं पट्टी उचलून पाहिली. तरफांनी दाद दिली नाही. ते “हं” म्हणाले. मग स्टेशनाची इमारत, कडुनिंब, सोळा मिलिमीटरचा बैल यांच्याकडं ढुंकूनही न बघता त्यांनी बोट स्टार्टरवर, म्हणजे गाडीला स्टेशनाबाहेर सोडणाऱ्या सिग्नलवर, ठेवलं. 

“आणि हा कुणाला विचारून पाडतोस?”

मी म्हटलं, “सांधा लागला की पडतो ना.”

“ते इथलं झालं. पुढं गाडी उभी असेल तर? बेल कुणाला देतोस?”

माझ्या टेबलाला पुढचं स्टेशन नव्हतं. रूळ भिंतीतल्या एका भोकातून शेजारच्या कपाटात जात होते आणि गाडी तिथं थांबून, उलटी होऊन परत येत होती. मामांना हे पटेना. लाईन क्लिअर, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याचा पुढच्या स्टेशनाचा होकार, घेतल्याशिवाय गाडी सोडणं म्हणजे काय, असं ते चहा येईपर्यंत पुटपुटत होते. मी ९२ मीटरचा हिशेब सांगितला. समोरच्या सोसायटीपर्यंत वायर टाकायची तर दोन कमिट्यांची परवानगी लागेल म्हटलं. त्यांनी हात झटकला. कागद मागितला. चौकोन आखून त्यांत दोन अंकी आकडे लिहून काढले, क्रम न लागेल असे. एक प्रत मला दिली आणि सांगितलं, “फोन करायचा. मी वारज्याहून नंबर देईन, तो वहीत लिहायचा, वेळ घालायची, मग सोडायची गाडी. आणि वही दाखवायची मला दर महिन्याला.”

तेव्हापासून हे चालू आहे. साडेसातची पॅसेंजर मी त्यांना विचारल्याशिवाय सोडत नाही. बहुतेक वेळा दुसऱ्या रिंगला फोन उचलतात, आकडा देतात आणि गाडी सुटल्याचं कळवायला सांगतात. आमच्याकडं कुणी जेवायला असलं की त्यांच्यासमोर हे संभाषण करताना मला अजून थोडा संकोच वाटतो. काल फोन केला तर म्हणाले, “लाईन क्लिअर नाही. उसाची मालगाडी आत घेतलीय, मागच्या चार वाघिणी अजून सांध्याबाहेर आहेत. थांब.” त्यांच्या मागं टीव्हीवर क्रिकेट चालू असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं. मी विचारलं, किती वेळ? म्हणाले, “दहा ओव्हर.”